शेवटच्या ओळीतले चारशे मीटर

बातमी एकूण एकोणसत्तर शब्दांची होती आणि जागा एक्कावन्न शब्दांची. पुढचं सगळं या जास्तीच्या अठरा शब्दांमुळे झालं.

आमच्या धंद्यात बातमी शेपटाकडून कापतात. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण नवा माणूस डेस्कवर आला की पहिल्या आठवड्यात त्याला हेच शिकवलं जातं. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, आणि अगदी तळाला कोणी सूत्रसंचालन केलं आणि कोणी आभार मानले. जागा कमी पडली की खालून कात्री. मी एकोणीस वर्षं 'शहर' पान लावतोय. या काळात किती लोकांचे आभार मी कापले असतील याची गणती नाही. त्यातल्या एकानेही कधी तक्रार केली नाही.

आणि तक्रारीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. आमच्या कार्यालयात एक दुरुस्ती-वही आहे. कोणत्या पानावर काय चुकलं, दुरुस्ती कधी छापली, चूक कोणाची, हे सगळं त्यात पानवार नोंदवलेलं असतं. क्रीडा पानाला दोन पुरवण्या जोडाव्या लागल्यात. व्यापार पानवाल्याचा रकाना बघवत नाही. 'शहर' पानाखाली माझं नाव आहे आणि त्याखाली एकोणीस वर्षं कोरा कागद. नवीन लोकांना ती वही दाखवायची जबाबदारी मी आपणहून घेतली होती.

तर त्या शुक्रवारी प्रसिद्धिपत्रक आलं. शहरातल्या ट्रायथलॉन आणि सायकल क्लबची नवी सभासद नोंदणी सुरू. पोहणं, सायकल आणि धावणं यांची आवड असलेल्या कोणालाही प्रवेश, वयाची अट नाही, रविवारी सकाळी सहा वाजता तलावाकाठी भेटा. मी शेवटचं वाक्य कापलं, पान छपाईला सोडलं आणि चहाला गेलो. चहा पिताना लक्षात आलं की ही बातमी माझ्यासाठीच आहे.

गेले काही महिने माझे पाय टेबलाखाली आपोआप हलत होते. शेजारच्या टेबलावर व्यापार पानवाल्याचा चहा त्यामुळे बशीत सांडायचा. त्याने दोनदा तोंडी आणि एकदा लेखी विनंती केली होती. घरी मी दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालायचो, वाटेत फ्रिज उघडायचो, काही न घेता बंद करायचो.

"तुम्हाला बसवत नसेल तर बसू नका," बायको म्हणाली होती, "पण एवढं चालताच आहात तर कुठेतरी पोचा तरी."

रविवारी मी पोचलो.

माझ्याआधी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तिथे हजर होते. बँकेत छत्तीस वर्षं रोखपाल म्हणून काम करून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून सल्ला या एकाच खात्यावर काम करणारे. त्यांनी डोक्यावर हेल्मेट घातलं होतं. सायकल अजून घ्यायची होती.

"तुमच्याच पेपरात वाचलं," ते म्हणाले. "म्हटलं, छापून आलंय म्हणजे काहीतरी पाहूनच छापलं असेल."

मी नम्रपणे मान हलवली.

अर्ज चार पानी होता, दोन प्रतींत. रक्तगट, उंची, छाती फुगवून आणि न फुगवता, 'आकस्मिक प्रसंगी कोणास कळवावे'. सगळ्यात शेवटी 'क्लबचे नियम मी वाचले असून ते मला मान्य आहेत' असं छापलेलं होतं आणि त्याखाली सहीची जागा. नियमांची पुस्तिका छापखान्यात होती, पुढच्या आठवड्यात मिळणार होती. आम्ही अकरा नवे सभासद होतो आणि अकराही जणांनी सह्या केल्या. त्यात एक भूमितीच्या निवृत्त शिक्षिका होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, बारीक चणीच्या, सायकल मात्र लहानपणापासून चालवणाऱ्या. त्यांनी तेवढं विचारलं, "नियम न वाचताच सही करायची?" आणि काकांनी सांगितलं, "बाई, सगळीकडे असंच असतं." छत्तीस वर्षांच्या अनुभवाने हे सांगितल्यावर बाईंनी सही केली.

पहिला आठवडा सायकलीत गेला. सायकलीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तो विषय मला अजून नीट बसून सांगता येत नाही. क्लबच्या जुन्या सभासदांकडे पाहून मी पॅडलला अडकणारे बूट घेतले. या बुटांचा सिद्धांत असा की पाय आणि सायकल एकजीव होतात. व्यवहार असा की सिग्नल लाल झाला, मी ब्रेक लावला, सायकल थांबली आणि आम्ही एकजीव अवस्थेत डाव्या बाजूला सावकाश आडवे झालो. ज्या रिक्षाशेजारी झालो त्यातल्या आजींनी वाकून विचारलं, "काय शोधताय?" सिग्नल हिरवा होईपर्यंत पाय सुटला नाही. मागच्या गाड्यांनी मला वळसा घातला, रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात तसा.

सायकलची चड्डी गादीची असते, हे बायकोला ठाऊक नव्हतं. दोरीवर वाळत घातलेली पाहून तिने विचारलं, "हे कोणासाठी आणलंत?" तिच्या मनात कोण आलं असेल ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या रविवारी पुस्तिका आल्या. वाटल्या चिटणिसांनी. चिटणीस मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. साठ मीटरची टेप अजूनही त्यांच्या सायकलला बांधलेली असते, आणि 'साधारण' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते म्हणाले, "पान तीन, नियम सात. सर्वांनी वाचावा."

नियम सात असा होता: नव्या सभासदांना लगेचच्या वार्षिक स्पर्धेत चारशे मीटर पोहणे बंधनकारक असून न पोहणाऱ्यांची नावे तलावाकाठच्या फलकावर वर्षभर लावण्यात येतील.

मी सवयीने शब्द मोजले. अठरा भरले.

तलावाच्या काठावर सकाळी अर्धं शहर फिरायला येतं. फलक बरोबर वाटेच्या वळणावर आहे, तिथे सगळे पाय ताणायला थांबतात. पाय ताणताना माणूस समोर जे असेल ते वाचतो. गेल्या वर्षीच्या एका दंतवैद्याचं नाव अजून तिथे होतं. त्याच्या दवाखान्यात आता लोक दाढ दाखवण्याआधी पाण्याची चौकशी करत.

"पण पेपरात तर असलं काही नव्हतं," काका म्हणाले.

चिटणिसांनी पिशवीतून प्रसिद्धिपत्रकाची स्थळप्रत काढली. "आम्ही दिलं होतं. पेपरवाल्यांनी कापलं."

मग दहा मिनिटं पेपरवाल्यांबद्दल बोलणं झालं. एकाने आमची जात निष्काळजी ठरवली, दुसऱ्याने विकाऊ. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "चूक झाली असेल बिचाऱ्यांकडून. छापतील दुरुस्ती." हे मला सगळ्यात जास्त लागलं.

"तुम्ही सोडून हो," काका माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. मी तिथे पेपरात आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं. कोणत्या पानावर आहे हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

चिटणिसांनी हात वर केला. "कार्यकारिणीचा ठराव तयार आहे. वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली, तर ज्यांना अट माहीत नव्हती त्यांना या वर्षी सूट. छापील पुरावा पाहिजे. स्पर्धेला पाच आठवडे आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही त्याच कार्यालयात आहात. जरा बघा."

"बघतो," मी म्हणालो.

सोमवारी क्लबचं तक्रारपत्र संपादकांच्या नावे आलं. संपादकांनी त्यावर 'संबंधितांकडे उचित चौकशीसाठी' असं लिहून पुढे पाठवलं. संबंधित म्हणजे मी. अशा रीतीने माझी चौकशी माझ्याकडे आली.

ती मी घाईने करायची नाही असं ठरवलं. आधी मूळ पत्रक शोधलं, ते माझ्याच खणात होतं. मग त्या दिवशी पानावर कोण होतं हे हजेरीपटात पाहिलं. मीच होतो. पान कोणी सोडलं, त्याची नोंद तपासली. सही माझी होती. पुरावा इतका एकतर्फी होता की मला त्याचा संशय यायला लागला. फेरतपासणी करावी म्हणून मी फाईल बाजूला ठेवली.

खरं सांगायचं तर दुरुस्ती तीन ओळींची होती. लिहायला दोन मिनिटं. पण ती छापली की वहीत नोंद होणार आणि वही त्या व्यापार पानवाल्याच्या टेबलावरून जाते. मी रोज वही उघडायचो, कोरा रकाना बघायचो आणि मिटायचो. मग उठून खिडकीपर्यंत जायचो, परत यायचो, जिन्याने खाली उतरायचो, वर यायचो. ऑफिसात सगळ्यांना वाटलं सराव चाललाय.

दर रविवारी चिटणीस विचारायचे, "चौकशी?"

"चालू आहे."

"कितपत झाली?"

"बरीचशी."

"बरीचशी म्हणजे किती?"

हा माणूस मोजणी खात्यातून निवृत्त झाला होता हे मी सांगितलंच.

दरम्यान पोहायला शिकणं भाग होतं. सार्वजनिक तरणतलावाच्या खिडकीवरच्या बाबूंनी अर्ज पाहिला. शिकाऊ वर्ग चौदा वर्षांपर्यंतच्यांसाठी. प्रौढांना पास हवा तर 'पोहता येते' असा दाखला जोडावा लागतो. दाखला कुठे मिळतो? इथेच, पोहून दाखवल्यावर. पोहून दाखवायला आत सोडता का? पास असेल तर.

"म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याने काय करायचं?" मी विचारलं.

"असे लोक इथे कशाला येतील, साहेब?"

उत्तर बिनतोड होतं. तेवढ्यात काका पुढे झाले. त्यांनी खिडकीत कोपर टेकलं, आतल्या माणसाला त्याच्याच बाजूचा असल्यासारखं "काय मग" म्हटलं आणि सात मिनिटांत आम्हा दोघांना 'ज्येष्ठ नागरिक: पाण्यात चालणे' या वर्गात घालून दिलं. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. बाबूंनी माझ्याकडे एकदा वर बघितलं आणि वयाचा पुरावा मागितला नाही. तो मागायला हवा होता असं मला अजून वाटतं.

पाण्यात चालण्याचा वर्ग सकाळी सातला. कमरेएवढ्या पाण्यात चौदा ज्येष्ठ नागरिक एकामागून एक गोल फिरत. एका कडेला मी कठड्याला धरून पाय मारायचो. प्रत्येक फेरीला प्रत्येक जण एक सूचना करून पुढे जाई.

"मान सैल सोडा."

"मान ताठ ठेवा हो."

"श्वास धरा."

"धरू नका, सोडा."

"माझा जावई असाच पोहायचा," एक आजोबा म्हणाले. मी थांबून पुढचं ऐकायची वाट पाहिली, पण ते चालत पुढे गेले. पुढच्या फेरीला दुसरंच बोलले.

शिकवणारे मास्तर काठावरून बघत. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "तुम्ही फार हलता. पाण्याला थोडा वेळ द्या." मी त्यांना सांगितलं की माझ्याकडे अठरा दिवस आहेत. काका मात्र चालता चालता एक दिवस अचानक आडवे झाले आणि तरंगायला लागले. काहीही न करता. पोट वर, डोळे मिटलेले. "बँकेत दुपारी असंच असायचं," ते म्हणाले.

माझी प्रगती अशी: पहिल्या आठवड्यात चार मीटर, दुसऱ्यात नऊ, पाचव्याच्या अखेरीस कठड्याला सात वेळा हात लावून दोनशे. उरलेले दोनशे मीटर कुठून आणायचे याचा विचार मी जेवताना, पान लावताना आणि मथळे देताना करायचो. पाणीकपातीच्या बातमीला मी 'शहर बुडणार' असा मथळा दिला होता. पान सोडण्याआधी दिसला म्हणून रकाना कोरा राहिला.

क्लबातलं सगळं, बाईंसकट, बायकोला सांगून झालं होतं, फक्त ओळ कोणी कापली ते सोडून. तिने मला आरशासमोर कोरडा उभा राहून हात मारताना पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"ती ओळ तुम्हीच कापलीत ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"पाच आठवडे चौकशी चाललीय म्हणता. दुसऱ्या कोणाची असती तर पहिल्याच दिवशी घरी येऊन रंगवून सांगितली असतीत."

मी वहीबद्दल सांगितलं. एकोणीस वर्षं, कोरा रकाना, नवीन लोक. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वही बुडत नाही," ती म्हणाली. "तुम्ही बुडाल."

"मी दोनशे मीटर जातो."

"आणि त्या बाई?"

बाई कुठवर जातात हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं असतं.

स्पर्धेच्या सकाळी बायको माझ्याबरोबर आली, टॉवेल घेऊन. तलाव ताटलीसारखा सपाट होता. नारिंगी रंगाचे चार फुगे पाण्यावर सोडलेले, एकेक शंभर मीटरवर, चिटणिसांनी स्वतः टेपने मोजून. काठाला समांतर अशी रेघ होती, पण काठ तिथे लगेच खोल होतो. जुने सभासद आधीच्या तुकडीत सुटले. पाणी फाडत गेले आणि आम्ही अकरा नवे उरलो. प्रत्येकाच्या दंडावर क्रमांक. काका सोडले तर सगळ्यांचे चेहरे परीक्षेच्या दिवशी असतात तसे.

बाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी टोपीत केस कोंबले होते. चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली, घड्याळ काढून चष्म्याच्या डबीशेजारी ठेवलं. मग एक चिठ्ठी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवली आणि मला म्हणाल्या, "यात माझ्या बहिणीचा फोन नंबर आहे. माझी पिशवी तेवढी तिच्याकडे पोचवाल? तुम्ही आपले जबाबदार वाटता म्हणून."

"तुम्हाला किती पोहता येतं?" मी विचारलं.

"येत नाही. पण फलकावर नाव नको. माझे विद्यार्थी फिरायला येतात तिथे. मी त्यांना तीस वर्षं सांगितलंय की प्रश्न सोडून पळायचं नाही." त्या चष्म्याशिवाय तलावाकडे बघत होत्या. त्यांना तो किती दिसत होता कोण जाणे. "पेपरवाल्यांनी दुरुस्ती छापली असती तर बरं झालं असतं. त्यांना तरी काय, कामं असतात."

चिटणीस बोटीत चढले होते, हातात थांबघड्याळ. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली.

"थांबा," मी म्हणालो. "ती ओळ मी कापली."

शिट्टी तोंडातच राहिली. दहा चेहरे वळले. काका म्हणाले, "कुठली ओळ?" आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की कुठली.

"पान माझंच आहे. पत्रकात अट होती. मी कापली. यांच्यापैकी कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. यांना सूट द्या."

चिटणीस बोटीतून उतरले. रागावले नाहीत. राग मोजता येत नाही म्हणून असेल. "तोंडी चालणार नाही. ठरावात छापील पुरावा म्हटलंय."

"उद्या छापतो."

"स्पर्धा आज आहे."

यावर वाद झाला. शेवटी काकांनी निकाल दिला की माणसाने सही करून दिलं तर ते छापील कागदापेक्षा वरचढ, बँकेत शिक्क्याला नाही, सहीला किंमत असते. चिटणिसांनी निकालपत्रकाचा एक कोरा कागद आणि पेन दिलं. मी ओल्या बाकावर बसून दुरुस्ती लिहिली. काय छापलं होतं, काय राहिलं, कोणामुळे राहिलं. खाली पूर्ण नाव. कापायला एक शब्द जास्त नव्हता. एकोणीस वर्षांत मी लिहिलेला तो सर्वात नेटका मजकूर असावा.

चिटणिसांनी तो दोनदा वाचला, ठरावाला टाचला आणि यादी उघडली. "ज्यांना अट माहीत नव्हती, त्यांना सूट. एक, दोन, तीन..." दहा नावांवर खुणा झाल्या. बाईंनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि पहिल्यांदा तलावाकडे नीट पाहिलं. मग दगडावर बसल्या.

पेन अकराव्या नावावर थांबलं.

"तुमचं काय करायचं?"

"मलाही माहीत नव्हती," मी म्हणालो.

"कापणारे तुम्हीच."

"हो."

"म्हणजे वाचली असणार."

बाई मदत करायच्या हेतूने म्हणाल्या, "न वाचता कसं कापतील? आम्ही पेपर तपासतानासुद्धा उत्तर वाचूनच खोडायचो. नाहीतर मग तपासायला आपण कशाला?"

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आणि माहीत असून सभासद झाले, म्हणजे पोहता येत असणार. बँकेतसुद्धा..."

बायको माझ्याकडे बघत होती. तिला खरं काय ते कळलं होतं, कारण ती मला चोवीस वर्षं ओळखते. तिने टॉवेलची घडी उलगडली आणि परत घातली.

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. वाचली होती म्हणालो, तर पाणी. वाचली नव्हती म्हणालो, तर एकोणीस वर्षं शहर पानावर बसलेला माणूस न वाचता कात्री चालवतो हे त्याच्याच दहा वाचकांसमोर उघड. चुकीची नोंद वहीत एका ओळीची असते. याची नोंद कुठल्या रकान्यात करतात मला माहीत नव्हतं.

"अर्थात वाचली होती," मी म्हणालो. "वाचल्याशिवाय मी काही कापत नाही."

"मग उतरा," चिटणीस म्हणाले, आणि बोटीत चढले.

उतरलो. पाणी तरणतलावापेक्षा गार होतं आणि त्याला कठडा नव्हता. काठावरून माझ्या बरोबरीने दहा जण चालायला लागले. आता त्यांच्या डोक्यावर काहीच भार नव्हता, त्यामुळे सल्ले मोकळेपणाने येत होते. मान सैल. श्वास सोडा. डावा हात जास्त. बाईंनी माझा कोन चुकतोय असं सांगितलं आणि खरंच, मी तलावाच्या मध्याकडे चाललो होतो. पहिला फुगा आला. दुसराही आला. तिथवर माझी जन्माची कमाई होती, ती संपली.

दुसऱ्या फुग्यापुढचा भाग मी नीट सांगू शकत नाही. हातपाय माझेच होते पण प्रत्येक जण आपापल्या जबाबदारीवर काम करत होता. पाणी नाकातून जात होतं, तोंडातून येत होतं. डोळ्यांसमोर रकाना यायचा. मग बाजूला बोट दिसली, शांत वल्ही मारणारी, आणि त्यात थांबघड्याळ घेतलेले चिटणीस.

"दोनशे एकसष्ट," ते म्हणाले. "मदत हवी का? हात लावलात तर अपूर्ण धरावं लागेल. नाव फलकावर."

मी तीन वेळा वर आलो. तिसऱ्या वेळी तोंडात हवा होती, ती मी शब्दांत घालवली.

"वाचली नव्हती."

"काय?"

"ओळ. न वाचताच कापली. खालून कापतात. मी बघितलंही नाही."

चिटणिसांनी थांबघड्याळ थांबवलं नाही. त्यांनी पिशवीतून यादी काढली, अकराव्या नावापुढे काहीतरी लिहिलं, आणि वेळही लिहिली. "म्हणजे अट माहीत नव्हती. म्हणजे ठराव लागू. म्हणजे सूट. मग पाण्यात काय करताय? वर या."

मला वर ओढायला त्यांना एकट्याने बराच वेळ लागला. मी बोटीच्या तळाशी पालथा पडून खोकलो, मग उताणा झालो, मग बसलो. माझे पाय हलत नव्हते. ते दोन मिनिटं तरी हलले नसावेत. चिटणिसांनी बोट वळवली आणि काठाकडे वल्ही मारायला सुरुवात केली. त्यांचा प्रत्येक फटका सारख्या अंतराचा होता.

थोडं गेल्यावर त्यांनी विचारलं. त्यांच्या स्वरात कुचकेपणा अजिबात नव्हता. माणसाला खरोखर आकडा हवा असतो तेव्हा असतो तसा स्वर होता.

"एकोणीस वर्षं म्हणालात ना? रोज एक पान. तर असं न वाचता किती वेळा कापलं असेल?"

काठ जवळ येत होता. बायको टॉवेल धरून उभी होती, आणि तिच्या मागे दहा जण, काय झालं ते ऐकायला पुढे झुकलेले. दहाही जणांकडे पेपर आमचाच येतो. रोज सकाळी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात ते.